साडूच्या छतातून पाइप

बाथरूममधलं बेसिन हलवायचं, हा निर्णय साहेबांनी दाढी करता करता घेतला. तोही अर्धीच दाढी झालेली असताना. बेसिन होतं कोपऱ्यात, उजवीकडे भिंत आणि डावीकडे दार. वस्तरा फिरवताना उजवं कोपर भिंतीवर आपटायचं. ते आवरून धरावं, तर घरातलं कुणीतरी बाहेरून दार ढकलायचं आणि ते डाव्या खांद्यात बसायचं. त्या दिवशी दोन्ही एकदम झालं.

"बास!" साहेब फेसासकट बाहेर आले. "मी माणूस आहे का कपाटात टांगलेला कोट? हे बेसिन तिथून हललंच पाहिजे!"

"फरश्या बदलायच्याच आहेत, तेव्हा तेही करून घेऊ," बायको म्हणाली. "त्यासाठी ओरडायला कशाला हवं?"

"ओरडल्याशिवाय या घरात काही हलत नाही!"

साहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पण घरीदारी सगळे तेच म्हणत. ते गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी लोकांची परीक्षा घ्यायचे. दिवसभर अनोळखी माणसाशेजारी पट्टा बांधून बसायचं, जीव मुठीत धरायचा आणि उतरताना "नापास" म्हणायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर, जगात नियमाने वागणारे आपण एकटेच उरलो आहोत, अशी त्यांची खात्री झाली होती. लोक म्हणत, साहेब तापट आहेत. साहेबांच्या मते, एवढ्या बेशिस्त जगात कुणीतरी तापणं गरजेचं होतं.

प्लंबर आला. हा माणूस कशालाच नाही म्हणत नसे. 'होऊन जाईल' हे दोन शब्द तो इतक्या प्रेमाने उच्चारायचा, की काम झाल्यासारखंच वाटायचं. आणि बरेचदा तेवढ्यावरच भागवावं लागायचं.

"बेसिन समोरच्या भिंतीला, खिडकीखाली," साहेब म्हणाले. "आणि आत्ताच सांगून ठेवतो, सांडपाण्याचा पाइप मला दिसता कामा नये. लोकांच्या बेसिनखाली ते आतड्यासारखं काहीतरी लोंबत असतं, ते माझ्या घरात चालणार नाही."

"होऊन जाईल." प्लंबरने खिडकीपासून कोपऱ्यातल्या जुन्या पाइपापर्यंत नजर फिरवली, आणि ती मधल्या दाराशी अडली. "फक्त एक आहे. भिंतीतून नेता येणार नाही, मधे दार येतंय. मग असं करू. इथे जमिनीला भोक पाडू, पाइप खाली उतरवू आणि खालच्यांच्या छताला धरून मोठ्या पाइपात सोडू. खाली कोण राहतं?"

बायकोने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"माझी थोरली बहीण," बायको म्हणाली.

"मग काय! घरचंच काम!" प्लंबर खूश झाला.

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. संबंध असतो दोन बहिणींचा, आणि हे दोघे नुसते त्याचे जामीनदार. इथे तर वर्षभर जामीनदारांमध्ये अबोला होता. खालचा साडू चष्म्यांच्या दुकानाचा मालक. त्याला उतारवयात गाडी चालवायची हौस आली, आणि परीक्षेला नेमके समोर आले साहेब. गाडी मागे घेऊन दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे उभी करायची होती. चाक पट्टीवर गेलं. साहेबांनी नात्यागोत्याची भीड न ठेवता भर मैदानात खणखणीत आवाजात सांगितलं, "नापास!" साडू गाडीतून उतरला तो तडक पायी घरी गेला, आणि थोड्याच दिवसांत जिन्यात साहेब दिसले की भिंतीवरचा विजेचा मीटर वाचायला लागला.

"मी त्याच्या दारात जाणार नाही," साहेब म्हणाले.

"तुम्ही नका जाऊ. मी जाते."

"जा, पण विनंती करायची नाही. फक्त कळवायचं!"

बायको खाली गेली, भरपूर वेळ बसली, चहा पिऊन वर आली. "भाऊजी हो म्हणाले."

"हो म्हणाले?" साहेबांना हे जरा लागलंच. त्यांनी नकाराला द्यायची उत्तरं तयार ठेवली होती.

"एक अट आहे. ते छतावर खडूने एक गोल काढून देणार आहेत. भोक त्या गोलातच आलं पाहिजे. पट्टीवर गेलं तर चालणार नाही म्हणाले."

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "हा टोमणा आहे!"

"टोमणा असू दे, पण परवानगी पण आहे."

प्लंबर खाली जाऊन गोल बघून आला. खिडकीच्या भिंतीपासून अमुक वीत, बाजूच्या भिंतीपासून तमुक वीत, असं पुटपुटत त्याने वर जमिनीवर खूण केली. साहेबांनी ती स्वतः तपासली. खूण सुबक होती. यंत्र सुरू झालं, अख्खी इमारत दाढदुखी झाल्यासारखी थरथरली, आणि थोड्या वेळाने यंत्राचा सूर एकदम बदलून पोकळ झाला. आरपार! प्लंबरने सिमेंटचा गोळा ओढून काढला. जमिनीत एक मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून खालचा उजेड वर येत होता.

मग त्या भोकातून आवाज आला. खणखणीत, आनंदाने ओथंबलेला.

"नापास!"

वर्षभरात साडू साहेबांशी बोललेला हा पहिला शब्द.

झालं होतं असं, की खाली माप घेताना प्लंबर दाराकडे तोंड करून उभा होता आणि वर खिडकीकडे. त्यामुळे त्याचं डावं उजवं झालं होतं. खडूचा गोल खालच्या छताच्या एका कोपऱ्यात तसाच पांढराशुभ्र, अस्पर्श राहिला होता, आणि भोक पडलं होतं पार दुसऱ्या टोकाला, कमोडच्या जरा पुढे, बसणाऱ्याच्या बरोबर मांडीवर.

"बेजबाबदारपणा! शुद्ध बेजबाबदारपणा!" साहेब प्लंबरवर कडाडले.

"तुम्हीच खूण तपासलीत ना साहेब?"

"मी खूण तपासली! तुझं तोंड कुठे होतं ते मी तपासायचं?"

"काही घाबरू नका. होऊन जाईल. या भोकासाठी वेगळा बेंड, म्हणजे पाइपाचा वळणाचा तुकडा, लागेल, तो घेऊन येतो." प्लंबर चपला घालून गेला.

आणि तो परत आला नाही. फोन केला की म्हणायचा, "निघालोच आहे." दुसऱ्या दिवशी म्हणाला, एका ठिकाणी टाकी फुटलीय. त्याच्या पुढच्या दिवशी नुसतं पाणी वाहिल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

इकडे दोन घरांचं जगणं त्या मुठीएवढ्या भोकाने अवघड करून टाकलं. वर अंघोळ करायची, तर पाणी खाली जाणार. साहेबांनी पहिल्या दिवशी तत्त्वाचा प्रश्न म्हणून अंघोळ केलीच. माझं घर, माझी बादली! दुसऱ्याच तांब्याला खालून असा आरडाओरडा झाला, की त्यांना अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर यावं लागलं. खाली कमोडवर बसायचं, तर डोक्यावर साहेबांचं घर उघडं. आपण बसलो असताना वर कुणी वाकून बघितलं तर, या धास्तीने चष्मेवाला छत्री उघडून बसायला लागला. छत्री दाराच्या चौकटीतून आत नेताना तिची एक काडी मोडली, त्याचाही दोष साहेबांच्या खात्यावर गेला.

साहेबांनी तोडगा काढला. एक जुना पायमोजा गुंडाळून त्यांनी भोकात ठासून बसवला. थोड्या वेळाने बघतात तर पायमोजा जमिनीवर उभा! खालून कुणीतरी झाडूच्या दांड्याने तो वर ढोसला होता.

"आपल्या छतातून त्यांचा मोजा लोंबत होता!" खालून ओरड आली. ती साडूच्या स्वतःच्या बायकोला उद्देशून होती, कारण तो अजून अधिकृतपणे साहेबांशी बोलत नव्हता. "सांग वरच्यांना, हे स्वच्छतागृह आहे, धोब्याची दोरी नाही!"

"सांग खालच्यांना," साहेबांनी भोकाशी वाकून शेजारी नसलेल्या बायकोला सांगितलं, "मोजा धुतलेला आहे! आणि दुसऱ्याच्या घरात झाडू घुसवणं हा कुठला सभ्यपणा?"

या सगळ्या रणधुमाळीत मजेत होत्या त्या दोघी बहिणी. त्यांना इतकी वर्षं एकमेकींशी चार शब्द बोलायचे म्हणजे जिन्याची चढ-उतर करावी लागायची, किंवा फोनवर कुजबुजावं लागायचं. आता धाकटी वर बाथरूममध्ये स्टूल टाकून बसायची, थोरली खाली कमोडचं झाकण पाडून बसायची, आणि भाज्या निवडता निवडता अख्खी दुपार सरायची. शेंगा सोलून झाल्या की दाणे एका पिशवीत घालून दोरीने खाली. खालून सुईदोरा वर. एकदा थोरलीने डोकेदुखीवरची गोळी पाठवली.

"हे काय चाललंय?" साहेबांनी संतापून विचारलं.

"तुमच्यामुळे दुखतंय, म्हणून तिने गोळी दिली," बायको म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी साहेबांनी ठरवलं, की आज आपणच या प्रकरणाचा निकाल लावायचा. लाकडी बुचाला कापड गुंडाळून ते हातोडीसकट भोकापाशी गुडघे टेकून बसले. तेवढ्यात खालूनही खटपट ऐकू आली. साडूलाही तीच बुद्धी झाली होती. तो स्टुलावर चढून खालून भोक बुजवत होता आणि त्याची बायको स्टूल धरून उभी होती.

"किती दिवस चालायचं हे?" थोरली विचारत होती. "एकदा नापास केलं म्हणून माणूस वर्षभर फुगून बसतो का?"

"नापास केल्याचा मला राग नाहीच," साडूचा आवाज आला. साहेबांची हातोडी हवेतच थांबली. "चाक पट्टीवर गेलं, नापास तर नापास. मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण तुमच्या मावशीकडे जेवायला गेलो, तर भरल्या टेबलावर हा वरचा काय म्हणाला? चष्मेवाल्यालाच पट्टी दिसेना! सगळे ताटावर कोसळेपर्यंत हसले. अजून गिऱ्हाईक येतं दुकानात आणि काउंटरवर बोट ठेवून विचारतं, ही कड दिसते ना हो तुम्हाला?"

"एकदाच म्हटलं मी!" साहेब भोकात ओरडले.

ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण ऐकत होतो हे आता जगजाहीर झालं. खाली स्टूल करकरलं. मग थेट भोकाखालून, अगदी जवळून, उत्तर आलं.

"तीनदा! मावशीकडे एकदा, तुमच्या कचेरीतल्या निरोप समारंभात एकदा, आणि माझ्या दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकासमोर एकदा!"

साहेबांना दुकानातलं आठवलं. तिथे जरा जास्तच रंगवून सांगितलं होतं. पण हार मानणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"आणि तुम्ही? माझ्या चष्म्याचा नंबर गावभर केलात तो? परीक्षा घेणाऱ्याला समोरचा हत्ती दिसत नाही, हे कोण म्हणालं?"

"ते एकदाच म्हटलं!"

"दोनदा! दुसऱ्यांदा हत्तीच्या जागी डोंगर होता!"

मग जे भांडण जुंपलं, त्याला तोड नाही. तुंबलेला पाइप मोकळा झाल्यावर व्हावं, तसं वर्षभर साचलेलं भडाभडा बाहेर पडलं. परत न केलेली शिडी निघाली. जिन्यातला बंद दिवा कुणी बदलायचा हे निघालं. दवाखान्यात भेटायला आलात आणि माझ्याच उशाची फळं खाऊन गेलात, हेही निघालं. साहेब जमिनीवर आडवे झाले, कारण गुडघे दुखायला लागले होते. खाली थोरली स्टूल धरून कंटाळली आणि वर निघून आली. दोघी बहिणी स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या.

"बोलतायत गं," थोरली म्हणाली.

"किती दिवसांनी!" धाकटी म्हणाली. "मधे जाऊ नकोस."

भांडण कुठवर चाललं असतं कोण जाणे, पण दाराची घंटा वाजली. प्लंबर! हातात बेंड, चेहऱ्यावर तेच निर्मळ हसू.

"साडूभाऊ!" साहेबांनी भोकात तोंड घालून हाक मारली. "आला! तो आला!"

"धरून ठेवा त्याला! सोडू नका!" खालून आवाज आला, स्टूल पडलं, आणि बघता बघता साडू धापा टाकत वर हजर झाला. वर्षभरात तो प्रथमच साहेबांच्या घराचा उंबरा ओलांडत होता. दोघे खांद्याला खांदा लावून प्लंबरसमोर उभे राहिले.

"लाज वाटत नाही?" साहेब म्हणाले.

"माणसाने छत्री घेऊन बसायचं?" साडू म्हणाला.

"डावं-उजवं कळत नाही?"

"आणि कळत नाही तर यंत्र हातात घ्यावं का?"

"अगदी बरोबर बोललात!" साहेबांनी साडूला दाद दिली.

प्लंबर शांतपणे दोघांकडे आळीपाळीने बघत होता. एवढ्यात थोरली चहाचा कप हातात घेऊनच बाथरूमच्या दाराशी आली. तिने खिडकीखालची जागा पाहिली, भोक पाहिलं, आणि मग भिंतीलगत जमिनीत बसवलेली, अंघोळीचं पाणी वाहून जायची जाळी पाहिली.

"मी म्हणते," ती म्हणाली, "बेसिनचं पाणी या जाळीतच का नाही सोडायचं? हातभर तर लांब आहे. एक छोटी नळी लावली की झालं. आमच्याकडे तसंच आहे."

सगळे प्लंबरकडे बघायला लागले.

"होऊन जाईल की," प्लंबर म्हणाला. "तेच सगळ्यात सोपं. त्याला भोकबिक काहीच लागत नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?" साहेबांचा आवाज फुटला.

"तुम्हीच म्हणालात ना, पाइप दिसता कामा नये? ही नळी दिसणार. आतड्यासारखी."

साहेबांनी प्लंबरवर बोट रोखलं. साडूने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या," तो म्हणाला. "अशा वेळी काही न बोललेलंच बरं. मी पण मैदानातून तसाच घरी आलो होतो."

बेसिन खिडकीखाली लागलं. त्याची नळी जाळीत सोडली. ती लोंबत होती आणि चांगली दिसत होती. साहेबांनी तिच्याकडे न बघायचं ठरवलं. प्लंबरने सिमेंट कालवलं, थापी उचलली आणि भोकाकडे वळला.

"थांबा!" धाकटी दारात आडवी उभी राहिली.

"आता काय?" साहेब म्हणाले.

"बुजवायचं नाही."

"काय?"

"बुजवायचं नाही," थोरली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "वर्षभर तुम्ही दोघं तोंडं फिरवून बसलात, तेव्हा आम्ही एक अक्षर बोललो? निरोप पोचवून पोचवून पाय झिजले आमचे. आता आम्हाला बोलायला एक जागा मिळाली, तर लगेच सिमेंट?"

"अगं, पण ते भोक आहे!" साडू म्हणाला. "माझ्या मांडीवर!"

"इमारत आहे ही! काही कायदा, काही नियम?" साहेब म्हणाले.

"झाकण लावून देतो," प्लंबर मधेच बोलला. "एक वरून, एक खालून. दोन्ही बाजूंनी उघडलं तरच उघडेल. पाणी नाही, वास नाही, कुणी डोकावणार नाही. होऊन जाईल."

आणि आश्चर्य म्हणजे, ते झालं. प्लंबरने आयुष्यात प्रथमच एखादं काम त्याच दिवशी पुरं केलं. गुळगुळीत, चकचकीत झाकणं, फिरवून घट्ट बसणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नव्या बेसिनसमोर उभे राहिले. दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा. त्यांनी समाधानाने गालाला फेस लावला, वस्तरा उचलला, आणि पायाखाली टकटक झाली.

"अहो, जरा बाहेर व्हा," बायको दारातून म्हणाली. तिच्या हातात पालेभाजीची जुडी होती, काखेत स्टूल. "ताई बोलावतेय."

"मी दाढी करतोय!"

"मग काय झालं? बाहेर करा. आमचं पाचच मिनिटांचं काम आहे."

ती पाच मिनिटं काय असतात हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं. ते फेसासकट बाहेर आले. बंद दारामागे खळखळून हसणं सुरू झालं. ते घरात एक फेरी मारून आले, दारावर दोनदा टकटक करून बघितलं, कुणी दाद दिली नाही. शेवटी संतापाने ते जिना उतरून खाली गेले.

चष्मेवाल्याचं दार सताड उघडं होतं. आत, आपल्याच बंद बाथरूमसमोर, खांद्यावर टॉवेल आणि हातात टूथब्रश घेऊन साडू खुर्चीवर बसला होता. त्याने साहेबांच्या फेसाळ चेहऱ्याकडे पाहिलं आणि पायाने दुसरी खुर्ची पुढे सरकवली. साहेब बसले.

"हा शुद्ध अन्याय आहे," साहेब म्हणाले.

"घोर अन्याय," साडू म्हणाला.